अर्ध्याचं काय करायचं

जयवंत घाडी यांना या खेळातून तीन मतं मिळायची होती. त्याहून एकही जास्त नको होतं, कारण ते हावरट गृहस्थ नव्हते. आणि एकही कमी चालणार नव्हतं, कारण ते गणिती गृहस्थ होते. बोरिवली पश्चिमेच्या ‘शुभंकर’ सोसायटीत बिऱ्हाडं नऊ, बिऱ्हाडाला मत एक. सेक्रेटरी चंद्रप्रकाश वालावलकर यांच्या खिशात चार मतं कायमची. जयवंतरावांच्या खिशात दोन: एक घरचं आणि एक तळमजल्यावरच्या धाकूअण्णा राण्यांचं. मधे उरली तीन बिऱ्हाडं. दशरथ परब, व्यवसाय शिंपी. वनमालाबाई, व्यवसाय मास्तरीण. पार्वतीबाई कोळीण, व्यवसाय नावातच आला. दोन आणि तीन पाच, नवात पाच म्हणजे सेक्रेटरीपद, आणि सेक्रेटरीपद म्हणजे गच्चीची किल्ली.

सगळं त्या किल्लीसाठी चाललं होतं. शहाऐंशी साल होतं. घरात टीव्ही होता, टीव्हीला ॲन्टेना होता, आणि तो ॲन्टेना चंद्रप्रकाशांनी गच्चीवर ‘सर्वांच्या सोयीसाठी’ पाण्याच्या टाकीमागे हलवला होता. तेव्हापासून घाड्यांच्या घरी बातम्या देणारी बाई आपल्या दोन बहिणींना घेऊन यायची आणि तिघी मिळून बर्फात उभ्या राहायच्या. रविवारचा सिनेमा बघायला कुंदाताईंना चंद्रप्रकाशांच्या घरी जावं लागे. तिथे खुर्च्या चार होत्या आणि त्या चारी चंद्रप्रकाशांच्या घरच्यांना लागत. कुंदाताई जमिनीवर बसत. जयवंतराव दारात उभे राहत, म्हणजे आपण सिनेमा बघायला आलो नसून बायकोला न्यायला आलो आहोत असं दिसे. तीन तास बायकोला न्यायला आलेला माणूस कसा दिसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अशात जूनमध्ये कुंदाताईंचा भाऊ सहदेव बोटीवरून सुट्टीवर आला आणि जयवंतरावांच्या हातात एक लाल खोका देऊन गेला. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात घेतलेला. आत चौसष्ट पानांचं इंग्रजी पुस्तक आणि सहा फासे; त्यातला एक चार बाजूंचा, एक बारा बाजूंचा आणि एक तर वीस बाजूंचा. खेळ असा, की एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगत जायची: तुम्ही किल्ल्याच्या दारात उभे आहात, आत अंधार आहे, काहीतरी घोरतंय. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की नाही हे फासा ठरवणार. ना पट, ना सोंगट्या, ना कुणी जिंकायचं.

‘‘कुणीच जिंकत नाही?’’ कुंदाताईंनी विचारलं.

‘‘कुणीच हरत नाही,’’ जयवंतराव म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांना तीन मतं दिसली. कॅरममध्ये एक जण हरतो आणि हरलेला माणूस मत देत नाही. इथे तिघांना दर रविवारी घरी बोलवायचं, पोहे द्यायचे, पराक्रम करू द्यायचे, आणि सप्टेंबरात मत मागायचं.

जयवंतराव गोरेगावच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात टाइमकीपर होते. हजेरीच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर त्यांनी ते पुस्तक मराठीत उतरवलं. परदेशी राक्षस आमच्या लोकांना काय कळणार म्हणून त्याचा वेताळ केला. तळघराचा भूतकोट नावाचा समुद्रातला किल्ला केला. अंगातल्या जिवाला ‘प्राण’ म्हटलं, प्रत्येकाला वीस. ढाल असली की घाव निम्मा, औषधाचा गुण निम्मा, अंधारात वार निम्मा. खेळ कुणी लिहिला कोण जाणे, पण त्या माणसाला निम्म्याची भारी हौस होती. मग पाचाचं निम्मं किती धरायचं? त्यावर पुस्तकात एकच वाक्य होतं: ‘अर्धा आल्यास वर धरायचा की खाली, हे सूत्रधाराने आपल्या मनाने ठरवावे’. तिथे पान संपलं आणि कुंदाताईंनी जेवायला हाक मारली. पुढच्या पानावर ‘आणि एकदा ठरवले की बदलू नये’ एवढंच उरलं होतं. जेवण झाल्यावर जयवंतरावांनी त्याच्या पुढच्या परिच्छेदापासून सुरुवात केली.

त्यांना त्यात वावगं वाटलं नाही, कारण वर-खाली धरण्यात त्यांची हयात गेली होती. कारखान्यात आठ वाजून एक मिनिटाने आलेला माणूस ते सव्वाआठला आलेला धरत. वीस वर्षांत एकाही कामगाराने हरकत घेतली नव्हती, म्हणजे जयवंतरावांच्या कानापर्यंत तरी आली नव्हती.

पहिल्या रविवारी तिघं आले. दशरथ किल्लेदार झाला. वनमालाबाई राजवैद्य झाल्या, कारण त्यांना लोकांना सुधारण्याची आवड होती. पार्वतीबाईंपाशी गाडं अडलं.

‘‘तुम्ही कोण होणार, पार्वतीबाई? राजकन्या आहे, हेर आहे, जोगतीण आहे.’’

‘‘मी कशाला दुसरी होऊ? मी हाय ती बरी हाय.’’

‘‘अहो, पण खेळात पात्र घ्यावं लागतं.’’

‘‘मंग पार्वती लिव. पार्वती चंदू कोळी. हातात कोयता.’’

जयवंतरावांनी लिहिलं. मत द्यायला येणारं माणूस कुठल्या नावाने येतं याच्याशी त्यांना काय करायचं होतं. आणि पार्वती चंदू कोळी हे पात्र असं निघालं, की पहिल्या तासाभरात तिने किल्ल्याच्या दारावरचे दोन मुंजे कोयत्याने सोलले आणि तिसऱ्याला ‘‘तुजी आय कुठं हाय?’’ विचारून घरी पाठवलं.

पहिला अर्धा दशरथच्या वाट्याला आला. वेताळाचा घाव सातचा, दशरथकडे ढाल, म्हणजे साडेतीन. आणि किल्लेदाराचे प्राण उरलेले चार. साडेतीनचे चार धरले तर किल्लेदार गेला, तीन धरले तर एका प्राणावर वाचला. दशरथच्या हातातला पोह्यांचा चमचा हवेत थांबला. जयवंतरावांनी त्या चमच्याकडे पाहिलं, एक मत पाहिलं, आणि म्हणाले, ‘‘तीन.’’

लगेच वनमालाबाईंनी औषध दिलं. गुण नवाचा, निम्मे साडेचार. ‘‘आमच्या शाळेत साडेचौतीस म्हणजे पस्तीस,’’ त्या म्हणाल्या, ‘‘अर्ध्या मार्कासाठी मी पोराचं वर्ष घालवत नाही.’’ दुसरं मत. पाच दिले. मग पार्वतीबाईंचा अंधारातला वार पाचचा, त्याचे अडीच. त्यांनी काही मागितलं नाही, नुसतं बघितलं. तीन दिले. सगळे खूष होऊन घरी गेले आणि जयवंतराव कुंदाताईंना म्हणाले, ‘‘माणसं हाताळायला अक्कल लागते.’’

कुंदाताई पातेलं घासत होत्या. त्यांनी पातेलं जरा जोरात घासलं.

असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी होडी आली. भूतकोटातून सुटायला एकच होडी, तिला चार ओझी पेलतात, आणि सामानासकट प्रत्येक माणूस दीड ओझ्याचा. जयवंतरावांनी घाईने सांगून टाकलं, दीडचं एक, तिघांचे तीन, बसा.

‘‘थांबा,’’ वनमालाबाई म्हणाल्या. ‘‘आधी बेरीज करायची, मग अर्धा बघायचा. तिघांचे झाले साडेचार. साडेचारचे पाच. होडी बुडाली.’’

‘‘अहो बाई, तुम्ही पण होडीत आहात,’’ दशरथ म्हणाला.

‘‘असेन. म्हणून गणित बदलत नाही.’’

‘‘बेरीज मागसून. बाहीचा माप वेगळा, गळ्याचा माप वेगळा. आणि कमी कापलेला कापड मागसून वाढवूक येता काय? म्हणान मी नेहमी वर धरतंय.’’

‘‘वर धरलंत तर दोन-दोन-दोन सहा. आणखी खोल बुडाली.’’

पार्वतीबाईंना हा सगळा प्रकार नवीन होता. ‘‘होडीत बसायच्या आधी पानी बघायचा. काठाला किती आला, बास. आनि अर्धा उरलाच, तर ज्याच्या घरी खानारी तोंडां जास्त त्याला. मासळीचा वाटा आमी तसाच करतो.’’

‘‘म्हणजे कुणाला?’’ वनमालाबाईंनी विचारलं. त्या एकट्या राहत होत्या. मग त्या जयवंतरावांकडे वळल्या. ‘‘घाडी, पहिल्या रविवारी माझ्या साडेचारचे पाच झाले. दशरथच्या साडेतीनचे तीन. आज दीडचं एक. तुमचा नियम तरी काय आहे?’’

पाच रविवारांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि त्याचं खरं उत्तर पाहुण्यांना देण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात दारात चंद्रप्रकाश उभे. पांढरा लेंगा, काखेत सोसायटीचं रजिस्टर. त्यांना म्हणे जिन्यावर चपलांचे तीन जोड दिसले. जिना सामायिक, म्हणजे चपला सामायिक जागेत, म्हणजे त्या चपला ज्या कारणाने तिथे आल्या ते कारण सोसायटीच्या कक्षेत येतं. ‘‘तुम्ही खेळा हो, जयवंतराव. मी फक्त नोंद घेतो. काय म्हणत होतात, वनमालाबाई? नियम काय?’’

मंगळवारी फळ्यावर नोटीस लागली. ‘विशेष सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक एक: खेळातील अर्ध्याबाबत निश्चित धोरण ठरविणे.’ जयवंतरावांनी ती दोनदा वाचली. हरकत घेता येईना, कारण तिघांनाही धोरण हवंच होतं. आणि दीड महिन्यावर निवडणूक असताना धोरणाला विरोध करणारा उमेदवार कसा दिसला असता?

शनिवारी संध्याकाळी पाचला इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सभा भरली. हजर चौघं: जयवंतराव, दशरथ, वनमालाबाई, पार्वतीबाई. चंद्रप्रकाश जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले होते.

‘‘या की खाली,’’ जयवंतराव म्हणाले.

‘‘मी हजर नाही. मी पायरीवर आहे. आधी गणसंख्या बघा. सभेला निम्मी बिऱ्हाडं लागतात. नवाची निम्मी किती?’’

नवाची निम्मी साडेचार होती आणि ते सगळ्यांनाच माहीत होतं.

‘‘साडेचारचे चार धरले तर सभा आहे,’’ चंद्रप्रकाश पायरीवरून समजावून सांगू लागले. ‘‘पाच धरले तर नाही. आता चार की पाच हे ठरवायला सभा पाहिजे, आणि सभा आहे की नाही हे चार की पाच यावर आहे. मला यात काही मत नाही. मी हजरच नाही.’’

‘‘धाकूअण्णांना उठवून आणू काय?’’ दशरथने विचारलं.

‘‘अण्णांच्या डोळ्यांत औषध घातलंय. मीच घालून आलो,’’ चंद्रप्रकाश म्हणाले.

जयवंतरावांनी ते ऐकलं, पण त्याचा अर्थ लावायला त्यांना सवड नव्हती. शेवटी सोसायट्यांच्या रिवाजाने तोड निघाली: गणसंख्या नसली की सभा अर्धा तास तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांत, गणसंख्या नसतानाच भरवायची, ती पक्की. चौघं अर्धा तास एकमेकांकडे न बघता उभे राहिले. पार्वतीबाईंनी तेवढ्यात वाटाण्याच्या शेंगा सोलून घेतल्या. अर्धा तास भरताच चंद्रप्रकाश पायरीवरून उतरले आणि अध्यक्षांच्या खुर्चीत बसले.

सभेत तिघांनी आपापलं म्हणणं मांडलं. दशरथ: नेहमी वर. वनमालाबाई: आधी बेरीज, मग वर. पार्वतीबाई: तोंडां मोजा. तीन म्हणणी, तीन मतं. एकाला हो म्हटलं की दोन गेली. जयवंतराव उठले आणि त्यांनी आयुष्यातली सर्वात समतोल सूचना मांडली: पाळीपाळीने. पहिला अर्धा वर, दुसरा खाली, तिसरा वर, चौथा खाली; अर्धा कुणाचाही असो. उन्हाळ्यात पाण्याची पाळी लावतो तशी. सूचना एकमताने मंजूर झाली. इतक्या सहजी मंजूर झाली याचीच खरं तर भीती वाटायला हवी होती.

वनमालाबाईंनी शाळेतून पाटी आणली. पाटीवर खडूचा बाण. बाण वर असला की पुढचा अर्धा वर धरायचा आणि बाण पुसून खाली काढायचा. चंद्रप्रकाश आता दर रविवारी ‘निरीक्षक’ म्हणून येऊ लागले. तेही पोहे खात.

एका रविवारात सगळ्यांना कळलं, की आता वेताळाशी लढण्यात काही अर्थ नाही. लढायचं ते बाणाशी. आपला अर्धा येईल तेव्हा बाण आपल्या सोयीचा हवा, म्हणजे गैरसोयीचा बाण आधीच कशावर तरी उडवून टाकायचा. भूतकोटाच्या अंधारात, डोक्यावर वटवाघळं फिरत असताना, दशरथ परब किल्लेदार म्हणे, ‘‘मी भाकऱ्या खातंय. पाच भाकऱ्या आसत, त्यातल्यो निम्म्यो.’’

‘‘आत्ता?’’ जयवंतराव विचारत.

‘‘भूक लागली. अडीच झाल्यो. बाण खाली हा ना? मग दोनच खाल्लंय. पुसा बाण.’’

वनमालाबाई तर राजवैद्य. त्या वाटेत दिसेल ती जडीबुटी निम्मी उपटत. ‘‘सात मुळ्या, त्यातल्या निम्म्या. बदला बाण.’’ दोन तासांच्या खेळात वेताळ एकदा दिसला. भाकऱ्या अकरा वेळा खाल्ल्या गेल्या. पार्वतीबाई एकट्याच कोयता घेऊन पुढे जात होत्या. त्यांना पाटीत रस नव्हता. ‘‘तुमी दोगां खावा. मी बघतंय त्याला.’’

आणि मग तो रविवार आला. नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. पार्वतीबाईंच्या चंदूची होडी रंगवून गोराईच्या खाडीत उभी होती. पावसाळ्यात बंद होती, आता पहिल्यांदा बाहेर जायची होती. त्या दिवशी पार्वतीबाई यायला नको म्हणत होत्या, जयवंतरावांनीच बोलावून आणलं. एक रविवार चुकला तर एक मत चुकेल अशी त्यांची समजूत होती.

लढाई शेवटची होती. वेताळ समोर. पार्वतीबाईंचे प्राण उरले होते पाच, आणि वनमालाबाई त्यांना औषध देणार होत्या. त्या औषधाचा अर्धा वर धरला जावा म्हणून दशरथने आधी भाकऱ्या खाऊन बाण वर करून ठेवला. हेतू चांगला होता. फक्त मधे वेताळाची पाळी होती, हे तिघांच्याही लक्षात नव्हतं. जयवंतरावांनी बारा बाजूंचा फासा टाकला. नऊ. पार्वतीबाईंच्या हातात टोपलीचं झाकण, ढाल म्हणून. नवाचे निम्मे साडेचार. पाटीवर बाण वर. साडेचारचे पाच.

वर म्हणजे आपल्या फायद्याचं असं सगळे धरून चालले होते. वेताळाला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

जयवंतरावांनी सवयीने तक्ता पुढे ओढला आणि कारखान्यात गैरहजेरी वाचून दाखवतात त्या आवाजात वाचलं: ‘‘पार्वती चंदू कोळी. प्राण शून्य. मयत.’’

चंद्रप्रकाशांनी रजिस्टरात लिहून घेतलं.

पार्वतीबाईंनी तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव ओळखू येत होतं. मग उठल्या, पदर खोचला. ‘‘परवा माजा घरवाला दर्यात जानार. आनि तू मना मयत लिवतंस, भाऊ.’’

‘‘अहो, ते पात्र आहे, पार्वतीबाई. खेळातलं.’’

‘‘पात्र कोन? मी दुसरी कोन झालीच नाय. मीच हाय ती.’’ आणि त्या गेल्या. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. पोह्यांची बशी मात्र धुऊन पालथी घालून गेल्या.

नारळी पौर्णिमेला बाकीच्या होड्या गेल्या. चंदूची गेली नाही. बायकोच्या नावापुढे कागदावर मयत लिहिलेलं असताना तो काही समुद्रात पाऊल ठेवणार नव्हता. जयवंतराव समजूत घालायला खाली गेले तेव्हा चंदू दारात जाळं विणत बसला होता. विणायला त्यात काही उरलं नव्हतं. ‘‘भाऊ, कागद बदल,’’ एवढंच तो म्हणाला. मागे पार्वतीबाईंची टोपली भिंतीला उपडी लावून ठेवली होती. ती टोपली होड्या बंद असलेले महिने सोडून उपडी कुणी पाहिली नव्हती.

जयवंतरावांनी घरचा तक्ता फाडून टाकला. पण रजिस्टर?

‘‘रजिस्टरात खाडाखोड चालत नाही,’’ चंद्रप्रकाश हळहळून म्हणाले. ‘‘पानांना नंबर असतात हो. सभासद मयत अशी नोंद झालीय. आता त्यांना मतदानाला कसं बसवू, मलाच प्रश्न पडलाय.’’

‘‘अहो, त्या खाली राहतात. जिवंत आहेत.’’

‘‘मला दिसतंय हो. पण रजिस्टराला डोळे नाहीत. हयातीचा दाखला आणा. आणि सूत्रधार म्हणून तुमचा लेखी खुलासा, की अर्धा चुकीचा धरला गेला.’’

हयातीच्या दाखल्यासाठी जयवंतरावांनी कारखान्यातून एक दिवसाची रजा काढली आणि पार्वतीबाईंना घेऊन एका सरकारी कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, ‘‘पेन्शन कुठली?’’

‘‘पेन्शन नाही.’’

‘‘मग हयात कशाला पाहिजे?’’

‘‘मासळी इकायला,’’ पार्वतीबाईंनी सांगितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, फॉर्म पेन्शनवाल्यांसाठी आहे, बिनपेन्शनचं जिवंत राहायला सरकारचा दाखला लागत नाही. हे त्याने लेखी द्यायला मात्र नकार दिला. शेवटी वझिऱ्याच्या एका डॉक्टरने पार्वतीबाईंची नाडी बघून लेटरहेडवर लिहून दिलं: ‘रुग्ण जिवंत आहे. खोकला आहे.’

राहिला खुलासा. तो लिहिण्याआधी जयवंतरावांनी हिशेब मांडला. साडेचारचे पाच धरणं पाटीप्रमाणे बरोबर होतं. ते चूक ठरवायचं म्हणजे पाटी मोडायची. पाटी मोडली की दशरथच्या भाकऱ्या फुकट, वनमालाबाईंच्या मुळ्या फुकट. दोघांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

‘‘पार्वतीबाईंबद्दल मला वाईट वाटतं,’’ वनमालाबाई म्हणाल्या होत्या. ‘‘पण रडलं म्हणून मार्क वाढवले तर उद्या सगळा वर्ग रडेल. नियम तुम्हीच मांडलात, घाडी.’’

‘‘आणि माझ्यो भाकऱ्यो?’’ दशरथ म्हणाला. ‘‘इतक्यो खाल्लंय त्यो काय हौशीन?’’

म्हणजे खुलासा लिहिला तर दोन मतं जात होती. न लिहिला तर एक. गणिती माणसाला यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. जयवंतरावांनी तरीही विचार केला, कागद घेतला, आणि लिहिलं: ‘माझी चूक झाली. साडेचारचे चार धरायला हवे होते. सौ. पार्वती चंदू कोळी यांच्याकडे एक प्राण शिल्लक आहे.’ असं का लिहिलं हे त्यांना कुणाला सांगता आलं नसतं. बहुधा ती उपडी टोपली त्यांच्या कोष्टकात कुठे बसत नव्हती.

कागद त्यांनी खाली जाऊन वाचून दाखवला.

‘‘एकच?’’ पार्वतीबाई म्हणाल्या. ‘‘एका पराणावर मी बाजारात बसू?’’

जयवंतरावांनी एक खोडून वीस केले. दुसऱ्या दिवशी चंदूची होडी गेली.

निवडणूक गणपतीनंतरच्या रविवारी झाली. चंद्रप्रकाशांनी धाकूअण्णांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. दीड महिना दोन वेळा डोळ्यांत औषध घालणारा हात अण्णांच्या ओळखीचा झाला होता. दशरथ आणि वनमालाबाई जयवंतरावांची नजर चुकवत मत टाकून गेले. बिऱ्हाड दोघांच्या नावावर असलं तर मत पहिल्या नावाने द्यायचं असा नियम. घाड्यांच्या कागदावर पहिलं नाव कुंदाताईंचं, म्हणून घरचं मत त्यांनी टाकलं. जयवंतराव खुर्चीवर ताठ बसून होते. हरायचं हे त्यांना माहीत होतं. किती मतांनी, एवढंच राहिलं होतं. दोन धरली होती: घरचं आणि पार्वतीबाईंचं.

चंद्रप्रकाशांनी चिठ्ठ्या मोजल्या आणि दु:खी आवाजात वाचल्या. वालावलकर आठ. घाडी एक.

जयवंतरावांना पार्वतीबाईंचा फार राग आला. रजा, खिडकी, डॉक्टर, खुलासा, वीस प्राण, आणि ही बाई. ते जिन्याकडे निघाले तर जिन्याखाली पार्वतीबाईच उभ्या, केळीच्या पानात एक पापलेट घेऊन.

‘‘घ्या, भाऊ. चंदूच्या आजच्या जाल्यातला पैला हाय. वाईट वाटून नको घेव. मी तर तुमालाच दिला.’’

‘‘मला?’’

‘‘मंग कोनाला? मयत लिवून घेनाऱ्याला?’’

जयवंतराव पापलेट घेऊन जिना चढू लागले. एक मत पार्वतीबाईंचं. मग घरचं? पहिल्या मजल्यावर त्यांना शंका आली. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी ती झटकली. तिसऱ्या मजल्यावर आपल्याच घरातून सिनेमातलं गाणं ऐकू आलं, खरखर नसलेलं.

दार उघडं होतं. कुंदाताई खुर्चीवर बसल्या होत्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर. पडद्यावर नायिका एकटी नाचत होती. बर्फ नव्हता. एकूण एक झाड वेगळं दिसत होतं.

‘‘हे कधी?’’

‘‘दुपारी. गच्चीवर माणूस आला होता. टाकीपुढे आणलाय ॲन्टेना, पूर्वेच्या कठड्याला.’’

‘‘कुणी सांगितलं त्याला?’’

‘‘चंद्रप्रकाशभावजींनी. परवा जिन्यात विचारत होते, वहिनी, मत कुणाला? मी म्हटलं, ॲन्टेना कधी हलवताय? ते म्हणाले, रविवारी दुपारी. मी म्हटलं, मग रविवारी संध्याकाळी.’’ कुंदाताईंनी पडद्यावरची नजर काढली नव्हती. ‘‘नाहीतरी तुम्ही पडणारच होता. तुमच्यापाशी माझं मत नुसतं कुजलं असतं. ते पापलेट आत ठेवा, पंख्याखाली नको.’’

जयवंतरावांनी पापलेट आत ठेवलं. मग बाहेर येऊन दारात उभे राहिले, आणि आपण आपल्याच घरात आहोत हे आठवल्यावर पाटावर बसले. दुसऱ्या खुर्चीवर कुंदाताईंचे पाय होते.

सिनेमा संपेपर्यंत त्यांनी मनात हिशेब जुळवला. चंद्रप्रकाशांनी दिली होती दुपारची झोप आणि चार खिळे. दशरथ आणि वनमालाबाईंनी काहीच दिलं नव्हतं, पोहे मात्र घेतले होते. पार्वतीबाईंनी दिलं एक मत आणि एक पापलेट, चंदूने भरतीचे आठ दिवस. ॲन्टेना हलला तो कुंदाताईंच्या एका मतावर. बाकी जे काही गेलं, म्हणजे सगळे रविवार, एक रजा, एक खुलासा, सेक्रेटरीपद, गच्चीची किल्ली आणि बसायची खुर्ची, ते सगळं जयवंत घाडी यांच्या नावावर पडलं. आणि त्यात कुठे अर्धा आलाच, तर तो वर धरावा लागत होता.